पावतीबुक आणि पडदा

गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीतली पाच-सहा मुले रविवारच्या वंदनेनंतर मला भेटायला विहारात आली. त्यांना नाट्य मंडळ काढायचे आहे. मुले उत्साहाने नुसती फुलून आली होती. "दादा, एखादी जोरदार संहिता सुचवा. नाटक बघून लोक हलले पाहिजेत," असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, "संहिता देतो. पण आधी सांगा, तुमची वही कुठे आहे?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. नाटकाला वही कशाला लागते, हे त्यांना कळेना.

त्या मुलांना जे सांगितले तेच आज या सदरात सर्वांसाठी लिहितो आहे. आपल्या वस्त्यांतून नाट्य मंडळे निघतात पुष्कळ, टिकतात थोडी. दोन जयंत्या गाजवून तिसऱ्या जयंतीला मंडळाचा बॅनरसुद्धा सापडत नाही. नट वाईट होते म्हणून मंडळ मोडले, असे मी अजून पाहिलेले नाही. मंडळे मोडतात ती तीन प्रश्नांवर. भूमिका कुणाला दिली? पैसा कुठून आला आणि कुठे गेला? आणि प्रयोगाची तारीख कुणाच्या सोयीने ठरली?

मी आमच्या मंडळाचा खजिनदार. तोंडाला रंग लावून एकदाच उभा राहिलो, तेही हवालदाराच्या भूमिकेत, आणि दोन वाक्यांपैकी एक विसरलो. म्हणून अभिनयाचे धडे मी देणार नाही. कारकुनी करणाऱ्या बी.कॉम. माणसाने हिशेबाबद्दल बोलावे, तेच बरे. पण अनुभवाने सांगतो, नाटकाचा पडदा वर जातो तो पावतीबुकाच्या जोरावर.

गरिबीतली रंगभूमी

आपली रंगभूमी श्रीमंतीत जन्मलेली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. पुढे सत्यशोधकी जलसे निघाले, आणि त्याच वाटेने आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार अशा माणसांपर्यंत नेला, ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. ना नाट्यगृह, ना मखमली पडदा. मोकळी जागा, ढोलकी आणि दमदार गळा, एवढेच त्यांचे भांडवल.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तिथल्या प्राध्यापक म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिले आणि १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी त्याचा प्रयोग खुद्द बाबासाहेबांसमोर केला. नंतर प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका मोजक्या पात्रांत आणि फारशा नेपथ्याशिवाय ठिकठिकाणी झाली. दत्ता भगत यांच्या 'वाटा-पळवाटा'ने चळवळीतल्या वेगवेगळ्या पिढ्यांना एका घरात समोरासमोर बसवले. अलीकडे २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आले. त्यातले बरेच कलावंत जालना जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतले होते. मोठमोठ्या नाट्यगृहांत त्या नाटकाला गर्दी झाली.

एवढे सांगण्याचे कारण असे की, "आपल्याकडे पैसा नाही म्हणून आपले नाटक होत नाही" ही सबब खरी नाही. पैसा तेव्हाही नव्हता. मात्र पैसा नसला की माणूस एका मोठ्या खिशाकडे पाहू लागतो, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. मीही पाहिले. ती गोष्ट आधी सांगतो.

सात चिठ्ठ्या

२०१८ साली आम्ही माता रमाईंवरचे नाटक बसवायला घेतले. संहिता आमच्याच मंडळातल्या एका शिक्षकांनी लिहिलेली. २७ मे हा रमाईंचा स्मृतिदिन, त्या वर्षी नेमका रविवारी आला होता. आम्ही मोठ्या हौसेने नाट्यगृहाची तारीख घेतली, अनामत भरली. एवढा मोठा खर्च मंडळाने यापूर्वी कधी केला नव्हता. पण समाजातलेच एक बांधकाम कंत्राटदार तीस हजार रुपये देतो म्हणाले होते, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

पात्रनिवडीच्या आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "बाकी मला काही नको. नाव नको, हार नको. फक्त भाचीला रमाईची भूमिका द्या. ती कॉलेजात नाटकं करते." मी "बघू" म्हणालो. स्पष्ट नाही म्हणायला हवे होते, ते म्हणालो नाही.

निवडीच्या दिवशी ती मुलगी आली. खरे सांगायचे तर चांगली होती. उच्चार स्वच्छ, उभे राहण्याची पद्धत शिकलेली. तिच्यानंतर एक बाई आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन आल्या. बाई पालिकेच्या सफाई खात्यात कंत्राटावर कामाला, पहाटेची पाळी करून आलेल्या. मुलगी कागद हातात घेताच घाबरली, रडायला लागली. तिला धीर द्यावा म्हणून आईने कागद घेतला. "भाऊ, मी नुसती वाचून दाखवते हिला, मग ही वाचंल," असे म्हणून शब्दाखाली बोट फिरवत त्या वाचू लागल्या. राजरत्न गेल्यानंतरचा प्रवेश होता. चार ओळी झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि पुढचे आपल्याच शब्दांत बोलल्या. त्यांचेही एक मूल गेले होते, हे आम्हाला नंतर कळले. परीक्षकांच्या हातात पेन होते, पण गुण लिहायचे राहूनच गेले.

आमच्या कार्यकारिणीत सात जण. नियमाप्रमाणे सातांनी चिठ्ठ्या टाकल्या. चार त्या बाईंना, तीन त्या भाचीला. तीनपैकी एक चिठ्ठी माझी होती. मी अभिनय पाहिलाच नाही, मी तीस हजार रुपये पाहिले.

कंत्राटदार रागावले नाहीत, भांडले नाहीत. "बघतो, बघतो" म्हणत राहिले आणि चेक काही आला नाही. नाट्यगृहाची तारीख रद्द करावी लागली, अनामतीतून काही रक्कम कापली गेली. प्रयोगाला पंधरा दिवस उरले होते. मी बैठकीत म्हणालो, "नाटक पुढे ढकलू." तेव्हा मागे बसलेल्या महिला मंडळाच्या बायका बोलल्या, "ढकलायचं कशाला? विहाराशेजारी मैदान आहे. किती पैसे कमी पडतात ते तर सांगा." तोपर्यंत हा आकडा मी कार्यकारिणीबाहेर कुणाला सांगितलाच नव्हता.

त्या बायकांनी गल्ल्या वाटून घेतल्या. बारा दिवसांत ३४७ पावत्या फाटल्या. बहुतेक वीस आणि पन्नास रुपयांच्या, काही शंभराच्या. जमा झाले १७,६४० रुपये. मैदानातला प्रयोग १६,९२५ रुपयांत झाला. शिल्लक ७१५ रुपये. हे आकडे मला पाठ आहेत, कारण ते मी आठ दिवसांच्या आत विहाराच्या फळ्यावर लावले होते. त्या भाचीने मामाचा रुसवा न जुमानता नाटकात निवेदिकेचे काम केले आणि उत्तम केले, हेही नोंदवले पाहिजे.

प्रयोग संपल्यावर चहा घेताना त्या बाईंनी मला सरळ विचारले, "भाऊ, तुमची चिठ्ठी कुणाला होती?" चिठ्ठी गुप्त असते, मी सांगितले नसते तरी चालले असते. पण खोटे बोलवेना. मी खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पैशाचा घोर तुम्हालाच ना. पण भाऊ, तुम्ही त्यांना विचारलं, आम्हाला नाही विचारलं."

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे. गरिबाकडे पैसे नसतील असे आपणच ठरवतो आणि त्याला विचारतच नाही. मग एकाच माणसाकडे हात पसरतो आणि भूमिका त्याच्या हवाली करतो. रंगमंचावर कोण उभे राहणार, हे पैसा कुठून येतो यावर ठरते. तो तीनशे घरांतून आला तर निवड मोकळी राहते. एका घरातून आला तर ती विकली जाते.

पात्रनिवड कशी करावी

त्या अनुभवानंतर आम्ही पात्रनिवडीचे काही नियम लिहून काढले. त्यात विशेष काही नाही, पण ते पाळले तर भांडणे निम्मी होतात.

पहिले म्हणजे सूचना. नाटक कोणते, भूमिका किती, वय काय, तालमी किती आठवडे आणि किती वाजता, हे सारे पंधरा दिवस आधी विहाराच्या फळ्यावर लावावे आणि रविवारच्या वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावे. नुसते मोबाइलच्या ग्रुपवर टाकून भागत नाही. ग्रुपमध्ये जे नसतात त्यांनाच खरे तर बोलवायचे असते. निवड दोन दिवस ठेवावी, एक रविवारी दुपारी आणि एक आठवड्यात रात्री आठनंतर. पाळीवर जाणारा माणूस एका दिवशी सुटतो.

दुसरे, सर्वांना एकच उतारा द्यावा आणि तोही अर्धा तास आधी. ज्याला वाचता येत नाही किंवा अडखळते, त्याला कुणीतरी वाचून दाखवावे आणि ऐकून बोलायला सांगावे. वाचनाची परीक्षा ही अभिनयाची परीक्षा नव्हे. आपल्या आज्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांच्यासारखी गोष्ट सांगणारे पुढच्या पिढ्यांत किती निघाले? मग दोघादोघांना एखादा प्रसंग द्यावा: रेशनच्या दुकानातली रांग, नळावरचे भांडण, हप्ता थकलेला दुकानदार. स्वतः बोलणारा सगळ्यांना दिसतो. परीक्षकाने समोरच्याचे ऐकणारा पाहावा. शेवटी माइक बंद करून विहाराच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहावे आणि आवाज तिथवर येतो का ते ऐकावे. मैदानातल्या प्रयोगात माइक दगा देतोच.

तिसरे, परीक्षक तीन असावेत आणि त्यांतला एक वस्तीबाहेरचा. आपला मुलगा, पुतण्या, सून समोर आली की परीक्षकाने खोलीबाहेर जावे. मोठ्या भूमिकांसाठी परीक्षकांचे गुण कार्यकारिणीपुढे ठेवावेत आणि मग चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठी हा काही साहेबांच्या देशातून आलेला प्रकार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे बौद्ध भिक्खुसंघाला ठाऊक होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोकाही सांगितला. राजकारणात असतो तो धोका मंडळातही असतो, हे आपण विसरू नये.

चौथे आणि सर्वांत अवघड, नाही म्हणणे. ज्यांची निवड झाली नाही त्यांना फळ्यावरून कळता कामा नये. समोर बसवून सांगावे आणि त्याच वेळी काम द्यावे. नेपथ्य, कपडेपट, रंगभूषा, संवाद पुरवणे, पावत्या, मुले सांभाळणे, चहा, लोकांना बसवणे. वीस जणांचे नाटक असले तर पडद्यामागे तीस जण लागतात. आमचा आजचा प्रकाशयोजनाकार हा तीनदा निवडीत नापास झालेला मुलगा आहे. तो इलेक्ट्रिशियन आहे, हे आम्हाला तिसऱ्या वेळी कळले! पहिल्याच वेळी का विचारले नाही, याची लाज वाटते.

पाचवे, प्रत्येक मोठ्या भूमिकेला दुसरे पात्र तयार ठेवावे. आपले नट कंपनीत, दवाखान्यात, बसवर, सुरक्षारक्षकाच्या नोकरीत. ओव्हरटाइम लागला, घरात कुणी आजारी पडले, की तालीम बुडते. त्याला रागावून उपयोग नाही.

मुलींच्या बाबतीत एक नियम कधीच मोडू नये. तालीम रात्री साडेनऊला संपलीच पाहिजे आणि प्रत्येक मुलीला घरापर्यंत सोबत मिळाली पाहिजे. कोण कुणाला सोडणार, हे तालीमवहीत लिहून सही घ्यावी. हा नियम केल्यापासून आमच्याकडे मुलींची संख्या वाढली. आईबापांचा विरोध नाटकाला फारसा नव्हताच. त्यांना घोर होता तो अंधाऱ्या रस्त्याचा.

पैसा: मागणे आणि दाखवणे

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो १९२३ साली. अशा अर्थतज्ज्ञाचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपल्या मंडळांचा जमाखर्च मात्र कुणाच्या तरी वरच्या खिशात असतो. हे बदलले पाहिजे.

तालमी सुरू होण्याआधी अंदाजपत्रक करा. रंगमंच-मंडप, माइक आणि दिवे, कपडे-रंगभूषा, छपाई, वाहतूक, तालमीचा चहा, लेखकाचे मानधन, आणि अडीअडचणीसाठी एकूण खर्चाचा दहावा हिस्सा. आमचा नियम असा की, निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय नाट्यगृहाची तारीख घ्यायची नाही. समजा अंदाज चाळीस हजारांचा आहे, तर वीस हजार बँकेत जमा असले पाहिजेत. आश्वासन म्हणजे जमा नव्हे. २०१८ साली मी तीस हजारांचे आश्वासन जमेच्या बाजूला धरले होते. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ही चूक करणार नाही.

पैसे मिळवायचे मार्ग चार. घरोघरची वर्गणी, देणगी प्रवेशिका, स्मरणिकेतल्या जाहिराती आणि वस्तुरूपाने मदत. शेवटच्या मार्गाकडे आपण फार कमी पाहतो. शिंप्याने कपडे शिवून दिले, सुताराने लाकडी चौथरे करून दिले, टेम्पोवाल्याने एक फेरी मारली, तर तीही देणगीच. तिची किंमत धरून पावती द्यावी, यादीत नाव यावे.

वर्गणी मागतानाही काही पथ्ये आहेत. जयंतीची वर्गणी नुकतीच दिलेल्या घरी लगेच पुन्हा जाऊ नये. ज्या घरात आजारपण आहे किंवा काम सुटले आहे, तिथे पैसे न मागता प्रयोगाचे आमंत्रण द्यावे. वीस रुपये देणाऱ्यालाही पावती द्यावी आणि तोंडाने "साधुवाद" म्हणावे. दारूच्या आणि मटक्याच्या धंद्यातला पैसा घेऊ नये. पंचशील सकाळी म्हणायचे आणि संध्याकाळी त्या पैशावर व्यसनमुक्तीचे नाटक करायचे, हे जमणार नाही. आणि देणगीदाराला यादीत जागा द्यावी, भूमिका देऊ नये. ही अट पावतीवरच छापून टाकली तर फोनवर "बघू" म्हणण्याची वेळ येत नाही.

आता फोनवरून पैसे पाठवण्याची सोय झाली आहे, ती चांगलीच आहे. पण पैसे मंडळाच्या खात्यात यावेत, अध्यक्षांच्या किंवा खजिनदाराच्या खात्यात नव्हे. बँकेचे खाते दोघांच्या सहीचे असावे. पावतीबुकांना क्रमांक असावेत, कोणते बुक कुणाकडे आहे ते लिहून ठेवावे आणि फाटलेल्या-चुकलेल्या पावत्याही परत घ्याव्यात. प्रयोगानंतर आठ-पंधरा दिवसांत जमाखर्च फळ्यावर लागला पाहिजे. तो कुणी वाचत नाही, असे समजू नका. आमच्याकडे एका आजीबाईंनी नातवाकडून वाचून घेतला आणि मला विचारले, "चहाचे इतके कसे झाले?" मी बिले दाखवली. त्याच आजींनी पुढच्या वर्षी न मागता पन्नास रुपये आणून दिले.

मंडळ वर्षभर चालवायचे असेल तर नोंदणी करून घ्यावी. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, या दोन्हींखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते. काम कंटाळवाणे आहे, पण त्याशिवाय बँक आणि अनुदान दोन्ही दूर राहतात. नाटक दुसऱ्याचे असेल तर लेखकाचे परवानगीपत्र आणि ठरलेले मानधन आधी. आपल्याच लेखकाला फुकट वापरून घ्यायचे आणि वर समतेचे नाटक करायचे, हे बरे दिसत नाही. सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी संहिता वेळेत पाठवावी.

वर्षाचे वेळापत्रक

आता तिसरा प्रश्न, तारखेचा. २०१६ हे बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचे वर्ष. जयंती सप्ताहात शनिवारी रात्री आमचे दोन अंकी नाटक ठेवले होते, वेळ साडेसात. साडेसातला पाहुणे आले नव्हते. आठला आले. मग हार, मग स्वागत, मग भाषणे. प्रत्येक वक्ता "मी नाटकाच्या आणि आपल्या मध्ये फार वेळ उभा राहणार नाही" असे म्हणून वीस-वीस मिनिटे उभा राहिला. नाटक नऊला सुरू झाले. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून देशभर आहे. आम्हाला त्या रात्रीची जादा वेळेची सवलत नव्हती. दहाला पोलीस आले, माइक बंद झाला. पहिला अंक जेमतेम संपला होता. रंग लावून विंगेत बसलेली, दुसऱ्या अंकात येणारी मुले तशीच घरी गेली. त्यातली दोन परत कधी आली नाहीत. पोलिसांचा दोष नाही, दोष आमच्या नियोजनाचा.

तेव्हापासून आम्ही जयंतीला मोठे नाटक करत नाही. त्या दिवशी वीस मिनिटांचे पथनाट्य, तेही दिवसाउजेडी. लोकांचे मन मिरवणुकीत असते, ते दोन अंक बसून राहणार नाही. मोठ्या प्रयोगाच्या दिवशी मंचावर भाषण नाही, फक्त वंदना आणि तिसरी घंटा.

आमच्या वर्षाची आखणी थोडक्यात अशी आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते, सभागृह तालमीला मिळत नाही. म्हणून पावसाळा हा संहिता शोधण्याचा, वाचण्याचा आणि लिहिण्याचा काळ. महिन्यातून दोनदा कुणाच्या तरी घरी बसून नाटक वाचायचे, एवढेच. ग्रंथवाचनाला रोज येणाऱ्यांमध्ये चांगले आवाज सापडतात, तेही हेरून ठेवावेत.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला निम्मी वस्ती नागपूरला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला. या तारखांच्या आसपास तालीम ठेवली तर नट नसणार हे आधीच धरावे. त्यांच्या मधल्या दिवसांत स्पर्धेची तयारी करावी. शासनाची हौशी नाट्य स्पर्धा आहे, कामगार कल्याण मंडळाच्याही नाट्य स्पर्धा असतात. तिथे उतरल्याने शिस्त लागते आणि वस्तीबाहेरचे प्रेक्षक मिळतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर एखादा एकपात्री प्रयोग, त्याला खर्च कमी. ७ फेब्रुवारी रमाईंची जयंती, २० मार्च चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. पण फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे दिवस, त्यामुळे दहावी-बारावीच्या मुलामुलींना त्या वर्षी मोठी भूमिका द्यायचीच नाही. हट्ट केला तरी नाही. आधी पुस्तक, मग रंग. मे महिन्यात मुलांचे शिबिर, पण निम्मी मुले गावी जातात, हे लक्षात ठेवून.

सण-दिन पुष्कळ आहेत, म्हणून प्रत्येक दिवशी काहीतरी केलेच पाहिजे असे नाही. एक मोठे नाटक, एक छोटे आणि एक मुलांचे, एवढे तीन प्रयोग वर्षात नीट झाले तरी मंडळ जिवंत राहते. मोठ्या नाटकाला प्रयोगाच्या तारखेपासून मागे आठ आठवडे मोजावेत. पहिले दोन वाचनाचे, चार उभ्या तालमीचे, सातवा कपडे आणि दिव्यांसह, आठवा रंगीत तालमीचा. या आठात बसत नसेल तर नाटक लहान घ्यावे, आठवडे कमी करू नयेत.

त्या पाच-सहा मुलांना हे सगळे सांगून झाले तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरला होता. त्यांना क्रांती हवी होती, मी त्यांना पावतीबुक देत होतो. त्यातला एक म्हणाला, "दादा, मग नाटक कधी करायचं?" मी म्हणालो, "आधी शंभर घरांत जा. पैसे नंतर. नुसतं विचारा, तुम्हाला कोणतं नाटक बघायचंय? तुमच्या घरात कोण गातं, कोण नकला करतं, कोण शिवतं? वहीत लिहा. ती वही घेऊन या, संहिता मी देतो."

पंधरा दिवसांनी मुले आली. एकशे बारा घरांची वही होती, अक्षर वाईट पण नोंदी चोख. एका पानावर लिहिले होते: "आजी, वय ७०. पूर्वी जलशात गात होत्या. अजून गातात. आम्हाला माहीत नव्हते."

संहिता मी दिली. पण त्यांचे पहिले पात्र त्यांना आधीच मिळाले होते.